डिप्लोमासाठी फॅफ्सा: बारावीतल्या मुलांच्या पालकांनी काय करायचं

अमेरिकेत टेक्सस, इलिनॉय, अलाबामा या राज्यांत हायस्कूलचा डिप्लोमा मिळायला सगळी क्रेडिट्स पूर्ण असणं पुरत नाही. कॉलेजच्या आर्थिक मदतीचा केंद्रीय अर्ज, म्हणजे फॅफ्सा, भरावा लागतो. नाहीतर 'आम्ही भरणार नाही' असा शाळेचा फॉर्म सही करून द्यावा लागतो. (ही अट सर्वांत आधी 2017-18 मध्ये लुइझियानाने आणली आणि 2024 मध्ये मागेही घेतली.) तपशील राज्यागणिक बदलतात, म्हणून सीनियर वर्ष सुरू होताच काउन्सेलरला विचारा: शाळेची शेवटची तारीख कोणती आणि पुरावा म्हणून काय चालतं?

आधी मुलाचं स्टेटस बघा. मूल अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर फॅफ्सा भरा. आईवडील एच-1बी किंवा एच-4 व्हिसावर असले तरी त्याने काही अडत नाही. इथे बरीच मराठी घरं उगाच मागे राहतात. मूल स्वतः एच-4 वर असेल तर केंद्रीय मदत मिळत नाही. राज्याचा पर्यायी अर्ज (टेक्ससमध्ये टॅस्फा) लागू पडतो का ते काउन्सेलरकडून समजून घ्या, नाहीतर नकाराचा फॉर्म द्या. डिप्लोमा अडणार नाही.

अर्ज साधारणपणे 1 ऑक्टोबरला स्टुडंटएड डॉट गव्ह या साइटवर खुला होतो. तो पूर्णपणे मोफत आहे. कुठे पैसे मागितले तर ती साइट बंद करा.

त्या साइटवरची खाती मात्र आठवडाभर आधीच उघडा. मुलाचं एक, पालकाचं एक, दोन्हीकडे वेगळा ईमेल. टॅक्स रिटर्न एकत्र भरलं असेल तर एकाच पालकाचं खातं पुरतं. लग्न झालेलं असून वेगवेगळं भरलं असेल तर दोघांचीही लागतात. अर्ज सर्वांत जास्त अडकतो तो नावावर. पासपोर्टवरून वडिलांचं नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर पहिल्या नावाला जोडून आलेलं असतं, 'अनुष्का संजय' असं, आणि शाळेत नुसतं 'अनुष्का'. कार्ड समोर ठेवून अक्षरन् अक्षर तसंच टाका. नाव जुळलं नाही तर पडताळणीला वेळ लागू शकतो. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकालाही खातं उघडता येतं.

अर्जात टॅक्सची माहिती आयआरएसकडून (केंद्रीय कर खात्याकडून) घेण्याची संमती विचारतात. ती मुलाने आणि पालकाने, दोघांनीही द्यायची, रिटर्न भरलेलं नसलं तरी. एकानेही नाकारली तर केंद्रीय मदत शून्य. 2026-27 च्या अर्जाला 2024 चं रिटर्न लागतं.

मालमत्तेचे आकडे अर्ज भरता त्या दिवशीचे लिहा. राहतं घर आणि 401(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं, मोजत नाहीत. भारतातला भाड्याने दिलेला फ्लॅट, प्लॉट, बँकेतल्या ठेवी मात्र मोजतात: आजची किंमत, वजा त्यावरचं कर्ज, डॉलरमध्ये. पालकाची बचत चुकून मुलाच्या रकान्यात टाकू नका. मुलाच्या नावावरच्या पैशाचा 20 टक्के भाग 'कॉलेजला देता येईल' असा धरला जातो. पालकांच्या बचतीचा त्याहून बराच कमी.

पगार चांगला आहे म्हणून थेट नकाराचा फॉर्म देणं बरं नाही. पहिल्या वर्षाचं 5,500 डॉलरपर्यंतचं केंद्रीय कर्ज पगार जास्त असला तरी मिळू शकतं, पण फॅफ्साशिवाय नाही. एका अर्जात कॉलेजं 20 पर्यंत टाकता येतात.

मुलाने आपला भाग सही करून संपवला आणि पालकाचा राहिला, तर अर्ज पुढे जात नाही. घरी वाटतं झालं, आणि शाळेच्या यादीत नाव अपूर्णच. काही दिवसांनी पुन्हा लॉगिन करा. 'प्रोसेस्ड' दिसलं की त्याची प्रत काउन्सेलरला द्या. 'अ‍ॅक्शन रिक्वायर्ड' दिसलं तर त्याच पानावर दुरुस्ती करा.

2024 नंतर नोकरी गेली असेल तर अर्जातले आकडे बदलू नका. अर्ज तसाच जाऊ द्या आणि कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला नोकरी गेल्याचं पत्र पाठवून फेरविचार मागा.