किराणा लाइनमधलं करिअर: आधी बीट, मग टीम

साबण, बिस्किटं, मसाले, चहा पावडर किराणा दुकानापर्यंत पोचवणाऱ्या लाइनमध्ये बहुतेक मुलं डिस्ट्रिब्युटरकडे सेल्समन म्हणून शिरतात. पुढे सेल्स ऑफिसर, मग एरिया सेल्स मॅनेजर. ऑफिसरच्या जागेसाठी बऱ्याच कंपन्या पदवी मागतात. शिक्षण अर्धवट राहिलं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून ते पूर्ण करा, हे मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगतो.

१. बीट पाठ करा

बीट म्हणजे ठरलेल्या वारी फिरायचा दुकानांचा ठरलेला मार्ग. त्यातल्या दुकानांची यादी कंपनी देते. ती जिवंत करायचं काम तुमचं. कुठलं दुकान कोणत्या वारी बंद, मालक गल्ल्यावर किती वाजता बसतो, पैसे मुलगा देतो की वडील, हे वहीत लिहा. आठवडी बाजाराच्या दिवशी ऑर्डर मागायला गेलात तर 'उद्या या' ऐकून परत याल. तेच दुकान आदल्या दिवशी सकाळी गाठा. बाजारासाठी माल भरायचाच असतो, शेठ स्वतः यादी सांगतो.

२. ऑर्डर मागण्याआधी मांडणी बघा

दुकानात शिरल्यावर रामराम करा आणि थेट आपल्या मालाकडे जा. जुना माल पुढे ओढा, मुदत संपत आलेला बाजूला काढा, उरलेला मोजा. मगच बोला: "काका, दहावाला साबण मागच्या आठवड्यात दोन डझन दिला होता, चार राहिलेत. वीस गेले. या वेळी पण दोनच डझन लिहितो, तीन नको." तुम्ही आपणहून आकडा कमी धरलात की पुढच्या वेळी नवा माल ठेवून बघायला काका तयार होतात. एवढ्या एका सवयीवर बीट उभी राहते, असं माझं ठाम मत आहे.

३. टार्गेट फोडून बघा

महिन्याला ६ लाख ऐकून छातीत धडकी भरते. कामाचे दिवस २५ धरले तर रोजचे २४,००० होतात. ४० दुकानं फिरलात, २४ ठिकाणी बिल झालं, तर सरासरी १,००० रुपयांचं बिल हवं. आता प्रत्येक बिलात १५० रुपयांची एकच जास्तीची लाइन, म्हणजे आणखी एक वस्तू, चढवा: २४ गुणिले १५० गुणिले २५, म्हणजे ९०,०००. नवी दुकानं शोधत उन्हात फिरण्याआधी हे करा.

४. महिनाअखेरीला माल कोंबू नका

हे मी केलंय, म्हणून कळकळीने सांगतो. मार्च क्लोजिंगला एका दुकानात बिस्किटांची बारा खोकी उतरवली. त्यांची गरज चारची होती. पावसाळ्यात दोन खोकी उंदरांनी फोडली, बाकी पाकिटं मऊ पडली. दुकानदार भांडले नाहीत. तीन महिने त्यांनी मला ऑर्डरच दिली नाही. उधारीही तिथेच अडकली, आणि ती डिस्ट्रिब्युटरच्या खिशातली होती.

डिस्ट्रिब्युटरचं गणितही समजून घ्या. गोदामातला माल, बाजारातली उधारी आणि कंपनीकडे अडकलेले क्लेम (कंपनीकडून त्याला परत मिळायचे पैसे) मिळून त्याचे ८ लाख गुंतले असतील आणि खर्च वजा जाता महिन्याला २०,००० सुटत असतील, तर परतावा अडीच टक्के पडतो. क्लेम लांबले की हा आकडा घसरतो. त्याच्याशी या भाषेत बोलणारा ऑफिसर त्याला आपला वाटतो.

५. टीम हाताखाली आल्यावर

ग्रुपवर टार्गेटचे मेसेज टाकून आणि फोनवर लोकेशन मागून माणूस पळत नाही. त्याच्या गाडीवर मागे बसा. पहिली पाच दुकानं तुम्ही करा, नंतरच्या पाचांत तो बोलेल आणि तुम्ही गप्प राहाल. गप्प राहणं फार जड जातं, पण तो अडखळला तरी मध्ये पडू नका. चूक सांगायची ती दुकानाबाहेर, चहा घेताना. दुकानदारासमोर त्याला टोकलंत तर त्या काउंटरवर त्याचा शब्द परत चालत नाही.

सकाळी गोदामात दहा मिनिटं उभ्याउभ्या मीटिंग घ्या. काल कोणाला नवीन दुकान मिळालं, कोणाची उधारी सुटली, एवढंच. इन्सेन्टिव्ह अडकला असेल तर मुलाने तीनदा विचारायची वाट बघू नका. वर तुम्हीच भांडा आणि काय झालं ते त्याला सांगा.

सुट्ट्यांचं आधी ठरवा. दिवाळीच्या सीझनला सगळे हवेत, हे खरं. पण कोकणातला मुलगा गणपतीला गावी जाणारच. महिनाभर आधी त्याच्याशी बोला, त्याची बीट कोण मारणार ते पक्कं करा आणि बदली मुलाला दोन दिवस त्याच्यासोबत फिरवा. तो परत आला की पहिल्या दिवशी तुम्हीही बरोबर जा. मधल्या दिवसांत कुठे किती उधारी राहिली, ते दुकानदारासमोर वहीवर मिळवून घ्या.