जुन्या संगणकावर वर्डच्या अहवालात रंगीत छायाचित्रे घालताना

गिरगावातील आमच्या मंडळाच्या कार्यालयात विंडोज एक्सपी आणि वर्ड २००३ असलेला संगणक आम्ही मुद्दाम जपला आहे, कारण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले जुने अहवाल त्यावर जसेच्या तसे उघडतात. मात्र वार्षिक अहवालात उत्सवाचे रंगीत फोटो घालायला घेतले की तो अडखळतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा संगणकापेक्षा फोटोच्या आकारात असते.

मोबाइलवर काढलेला ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो डिस्कवर चार-पाच एमबीचा दिसला, तरी पडद्यावर दाखवण्यासाठी तो उलगडताना प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट याप्रमाणे सुमारे ३४ एमबी मेमरी लागते. ५१२ एमबी रॅमच्या यंत्राला असे मोजके फोटोही जड जातात. वर्डमध्ये कोपरा ओढून चित्र लहान केले तर ते फक्त लहान दिसते, आतला सगळा डेटा तसाच राहतो. म्हणून फोटो वर्डमध्ये नेण्यापूर्वीच लहान करावा, हा माझा आग्रह आहे.

ए-४ कागदावर १५ सेंटिमीटर रुंद छापायच्या फोटोला इंचाला २०० पिक्सेल या हिशेबाने साधारण १२०० पिक्सेल रुंदी पुरते. पेंटमध्ये फोटो उघडून ‘इमेज’ मेनूतील ‘स्ट्रेच/स्क्यू’मध्ये आडव्या आणि उभ्या दोन्ही चौकटींत ३० टक्के (४००० पिक्सेलचे १२००) लिहावे आणि मूळ फोटो शाबूत राहावा म्हणून जेपेग प्रकारात नव्या नावाने सेव्ह करावे. पेंटमध्ये कडा थोड्या खरबरीत होतात. चेहरे स्वच्छ हवे असतील तर इरफानव्ह्यू या चित्रे पाहण्या-बदलण्याच्या प्रोग्रामचे ‘रीसॅम्पल’ अधिक चांगले. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो आधीच लहान झालेला असतो, त्यामुळे त्याची रुंदी पाहूनच हात लावावा. आयफोनचे एचईआयसी फोटो एक्सपीवर थेट उघडत नाहीत. ते फोनवरच जेपेग करून आणावेत.

त्यानंतर कर्सर योग्य जागी ठेवून ‘इन्सर्ट’, ‘पिक्चर’, ‘फ्रॉम फाइल’ या वाटेने फोटो घालावा. कॉपी-पेस्ट टाळावे, कारण क्लिपबोर्डवरून आलेले चित्र अनेकदा बिटमॅप (न दाबलेले, मोठ्या आकाराचे चित्र) होऊन फाइल फुगवते. मांडणी ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवल्यास मजकूर वर-खाली सरकला तरी फोटो आपल्या परिच्छेदाबरोबर राहतो.

मोठे फोटो आधीच घातले गेले असतील, तर पिक्चर टूलबारवरील ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये सर्व चित्रे आणि ‘प्रिंट’ हे पर्याय निवडावेत, म्हणजे ती २०० डीपीआयवर (इंचाला २०० पिक्सेलवर) येतात.

फोटो फारच असतील तर ‘इन्सर्ट’ बटणाच्या बाणाखालील ‘लिंक टू फाइल’ वापरता येते, म्हणजे फोटो अहवालात न साठता बाहेरच्या फाइलशी फक्त जोडलेला राहतो. अशा वेळी अहवाल आणि फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवून पेनड्राइव्हवर तो संपूर्ण फोल्डर न्यावा आणि छापायला देण्यापूर्वी छापखान्यातल्या संगणकावर प्रत्येक पान उघडून पाहावे, कारण जोडणी तुटली असेल तर फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसते.