जुन्या वाड्यात शहाबादी दगडाचा ओटा बसवताना

सोलापुरातल्या जुन्या वाड्याचं स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं, की ओट्याच्या दगडाचा रंग सगळ्यात आधी बघितला जातो. त्याआधी वजन मोजा. आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद ओट्याला दीड इंची (४० मिमी) शहाबादी घेतली, तर नुसता वरचा दगड १५५ ते १६० किलो भरतो. त्याखाली पायांवर टेकणारा एक इंची कडप्पा (काळी लादी) साधारण १०० किलो, विटांचे पाच पाय ४०० किलोंच्या पुढे, शिवाय दोन्ही दगडांमधला माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण). सगळं मिळून पाऊण टनाच्या घरात जातं.

वाड्याच्या भिंती दोन-अडीच फूट जाड दिसतात, पण बहुतेक ठिकाणी काळा दगड मातीत रचलेला असतो. अशा भिंतीत झिरी पाडून कडप्पा आत खुपसला, की आतल्या चिपा सैल होतात, माती झरायला लागते आणि ओट्याची मागची बाजू हळूहळू बसते. पुढे दगडाला तडा गेला की दोष दगडाच्या माथी येतो. म्हणून जुन्या घरात ओट्याचं सगळं वजन स्वतःच्या पायांवरून जमिनीत उतरलं पाहिजे. भिंतीनं काही उचलायचं नाही.

स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, लाकडी तुळयांवर असेल तर खाली लिहिलेला ओटा तिथे बांधू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला तुळया दाखवून लोखंडी सांगाडा आणि पातळ दगड इतकंच करावं.

दगड कोणता?

कलबुर्गीच्या पुढे, सोलापूरहून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच शहाबाद आहे, त्यामुळे हा दगड इथल्या घरांना परका नाही. तळमजल्याची जमीन शहाबादीची असेल, तर ओटाही त्याचाच शोभतो. पण शहाबादी हा चुनखडक आहे. लिंबू, चिंच, ताक, टोमॅटो सांडून राहिलं की तिथे पांढुरका, खरखरीत डाग पडतो. कडप्प्याला असं काही होत नाही, असा समज आहे. तोही चुनखडकच, काळ्या रंगामुळे डाग उलट जास्त उठून दिसतो. डाग अजिबात चालणार नसतील तर घोटीव, बिनचमकीचा काळा ग्रॅनाइट घ्या. आरशासारखी चकाकी मात्र वाड्यात विजोड दिसते.

शहाबादी निवडताना प्रत्येक लादी उभी करून हातोडीनं हलकी वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर थर सुटलेले आहेत. मग लादीवर पाणी ओता आणि वाळू द्या. केसाएवढी चीर असेल तर बाकीचा दगड वाळल्यावरही तिथे ओली काळी रेघ राहते. अशी लादी जमिनीला चालेल, ओट्याला नाही.

आठ फुटी ओट्याला चार फुटांच्या दोन लाद्या पुरतात, एक सिंकची आणि एक शेगडीची. मागच्या सहा इंची पट्टीला आणखी चार चौरस फूट लागतात. तुटफूट धरून २३-२४ चौरस फूट शहाबादी, १६ ते १८ चौरस फूट कडप्पा, ११० विटा आणि सिमेंटच्या तीन गोण्या आणाव्यात.

पाया आणि पाय

जुनी फरशी बहुतेक वेळा मुरूम-मातीच्या भरावावर असते आणि खाली काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. फरशीवरच पाय उभे केले तर प्रत्येक पाय वेगवेगळा हलतो. ओट्याच्या जागेपुरती फरशी जपून काढा (ती दुसरीकडे कामाला येते), भराव चोपून घ्या आणि चार इंच जाडीचं १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट ओता. त्यात ८ मिमी सळईची आठ-आठ इंचांवर जाळी ठेवा. पाचही पाय एकाच तुकड्यावर उभे राहिले, की हलले तरी सगळे एकत्र हलतात. काँक्रीटचा माथा आजूबाजूच्या फरशीच्या पातळीत ठेवा आणि सात दिवस पाणी मारा.

ओट्याची उंची ३३ इंच धरली, तर त्यातून वरचा दगड दीड इंच, माल पाऊण इंच आणि कडप्पा एक इंच वजा करून पायांची उंची पावणेतीस इंच येते. हा हिशेब भिंतीवर लिहून ठेवा. वीट कमी-जास्त होण्याची चूक इथेच होते. घरात उभ्यानं भाकरी थापली जात असेल, तर थापणाऱ्या बाईंना उभं करून कोपर मोजा. ओटा कोपरापासून चार ते सहा इंच खाली असला की खांदे भरून येत नाहीत.

पाय अर्ध्या विटेचे, १:४ (सिमेंट, वाळू) मालात. मधला पाय बरोबर चार फुटांवर, कारण दोन लाद्यांचा सांधा त्याच्यावर यायला हवा. सिंकचा खण २२ इंच मोकळा, सिलिंडरचा १८ इंच. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या खणाच्या दाराला तळाशी जाळी ठेवा आणि त्या खणात मोरीचं किंवा सांडपाण्याचं तोंड येऊ देऊ नका.

कापण्याआधी

वाड्याचा कोपरा काटकोनात असेल, असं गृहीत धरू नका. गुण्या (काटकोन बघायचं अवजार) छोटा पडतो; एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करा आणि तिरकं अंतर पाच फूट येतं का बघा. पोटात आलेल्या भिंतीसाठी कडप्पा बसल्यावर त्यावर पातळ प्लायचा फर्मा बनवा, भिंतीचा बाक पेन्सिलनं उतरवून घ्या आणि तो दगडावर गिरवा. पाय बांधण्याआधी घेतलेल्या मापावर दगड कापून आणू नका.

सिंकचं भोक कापताना चारही कोपऱ्यांत आधी १० मिमीचं भोक पाडा आणि मग भोकापासून भोकापर्यंत कटर चालवा. कोपरा टोकदार राहिला तर तडा तिथूनच सुरू होतो. २० बाय १६ इंचांच्या सिंकला पुढे-मागे चार-चार इंचांची पट्टी उरते. पुढच्या पट्टीच्या पाठीला खाच मारून ६ मिमी स्टेनलेस सळई इपॉक्सीत (कालवून लावायच्या चिकटवणीत) बसवा. साधी सळई गंजून फुगते आणि दगड फोडते. आठ इंच खोल सिंक भरला की त्यात चाळीस लिटरच्या वर पाणी असतं, म्हणून त्याची कड कडप्प्यावर टेकलेली हवी. नुसत्या चिकटवणीवर तो टांगू नये.

पुढची कड मशीनची गोल करू नका. टाकीनं (छिन्नीनं) हलकी घडवलेली सरळ कड, वरची धार फक्त दोन सूत (पाव इंच) मारलेली, हीच जुन्या घराला साजते. कडेच्या खाली, अर्धा इंच आत, एक सूत खोल खाच मारा. पाणी तिथून खाली ठिबकतं आणि सागवानी दारांवर उतरत नाही. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि नेमकं तेच राहून जातं. कापणं आणि घासणं अंगणात, पाणी सोडून करा.

बसवणं

लादी नेताना कायम उभी धरा. आडवी धरली तर स्वतःच्या वजनानं मोडते. एक लादी ८० किलोंची, तेव्हा चार माणसं लागतात. आधी कोरड्या ठेवून सांधा जुळवा. मग पाठ धुऊन, सिमेंटचा घोळ ब्रशनं लावून, १:४ मालाच्या सलग थरावर बसवा. पाच ठिकाणी मालाचे गोळे ठेवून लादी टेकवण्याची पद्धत वेळ वाचवते, पण मधल्या पोकळीवर पाण्याचा हंडा आदळला की दगड जातो. रबरी हातोडीनं सगळीकडे ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर लादी लगेच उचला. दुसऱ्या दिवशी ती उचलता येत नाही.

शेगडीखालचा भाग लेव्हल ठेवा, नाहीतर तव्यातलं तेल एका बाजूला जातं. सिंककडच्या लादीला फुटाला एक सूत उतार पुरतो.

भिंत आणि दगड यांच्यात दोन सूत फट सोडा. ती मागच्या उभ्या पट्टीनं झाकली जाते. पट्टी आणि ओटा यांचा सांधा सिलिकॉननं भरा, पट्टीच्या वर चुन्याचा गिलावा करा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा ओल कोंडून धरतो आणि फुगून सुटतो.

एप्रिल-मे महिन्यांत हे काम सकाळीच उरका. ऊन चढल्यावर सांध्याचं इपॉक्सी कालवता कालवता घट्ट होतं आणि माल पाणी धरत नाही. ओलं ठेवण्यासाठी गोणपाट किंवा जुनी रंगीत चादर टाकू नका, दोन्हींचे डाग चुनखडकात उतरतात. पांढरं, धुतलेलं सुती कापड वापरा.

घासणं, सीलर आणि रोजचा वापर

घासणी ६०, १२०, २२० आणि शेवटी ४०० नंबरनं, तिथेच थांबा. सीलर मात्र तीन-चार आठवड्यांनी, दगडातली ओल गेल्यावर. दगडात मुरणारा सीलर घ्या, वार्निशसारखा पापुद्रा धरणारा नको. दोन हात लावा आणि वर राहिलेला दहा मिनिटांत पुसून काढा. शेंगतेल चोळण्याचा सल्ला मिळतो, पण ते कधीच वाळत नाही; चिकट होऊन धूळ धरतं. सीलर तेल-हळद आत जाऊ देत नाही, आंबट पदार्थाचा डाग मात्र तो थांबवत नाही. असा डाग पडला तर ४०० नंबरचा पॉलिशपेपर ओला करून गोल गोल घासा आणि तेवढ्या जागी सीलर पुन्हा लावा.

बोअरच्या पाण्याचे पांढरे थर व्हिनेगर किंवा अॅसिडनं काढू नका, दगडच विरघळतो. नळाभोवतीचं पाणी रोज रात्री पुसलं की थर धरत नाही. शेंगाचटणीचा उखळ ओट्यावर ठेवायचाच असेल तर पायाच्या बरोबर वर ठेवा. खणाच्या मधोमध कुटलं तर दगडाचे थर आतून सुटतात आणि ते वरून लवकर कळत नाही. वर्षातून एकदा दगडावर पाण्याचा थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. खालचा दगड काळवंडला तर सीलरचा एक हात परत द्यायला हवा.