बुधवारी राणीची बाग बंद असते

परदेशातून लहान मूल घेऊन मुंबईला येणार असाल तर यादीत सगळ्यात वर हेच लिहा. मागच्या डिसेंबरात आम्ही तिघी, म्हणजे मी, आई आणि माझी तीन वर्षांची लेक रेवा, भायखळ्याला उतरलो, उन्हातून चालत प्राण्यांच्या या बागेच्या फाटकापर्यंत गेलो आणि कुलूप बघून परत फिरलो. आईचं सगळं आयुष्य परळला गेलं, बागेपासून तीन स्टेशनांवर. तिला माहीत नव्हतं असं नाही. "तू विचारलंस कुठे?" म्हणाली. म्युनिकमध्ये, जिथे आम्ही राहतो, मी कोपऱ्यावरच्या बागेत जाताना सुद्धा हवामान, ट्राम, स्टेशनची लिफ्ट चालू आहे का, सगळं फोनवर बघते. मुंबईत उतरले की मात्र वाटतं, आपलंच गाव, इथे काय बघायचं? तर बघायचं. राणीची बाग आणि तिच्या शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, त्यातली कान्हेरीची लेणी आणि घारापुरी सोमवारी बंद. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र होळी-दिवाळी सोडून रोज उघडं. आणि रविवारी निघायचं असेल तर कुठल्या लाइनीवर मेगाब्लॉक आहे ते शनिवारीच बघून ठेवायचं.

कागदपत्रांचं पटकन उरकते. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे जन्मल्याबरोबर काढलेला पासपोर्ट बालवाडीच्या वयातच संपायला येतो. तारीख आजच बघा. मुलाचं तिथलं रहिवासी कार्ड परतीच्या दिवशीही चालू असायला हवं. ज्यांच्या मुलांचं ओसीआय, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांचं कार्ड, आहे त्यांनी दर नव्या पासपोर्टनंतर तो पासपोर्ट आणि नवा फोटो पोर्टलवर चढवायचा, मूल वीस वर्षांचं होईपर्यंत. दोन वर्षं पूर्ण झाली की विमानात स्वतंत्र सीट आणि तिचं तिकीट. एकट्याच येत असाल तर नवऱ्याचं सहीचं संमतिपत्र जवळ ठेवा. माझा नवरा दहा दिवसांनी येतो, त्याला रजाच तेवढी. ते पत्र मला आजवर कोणी मागितलेलं नाही, पण एखाद्या वर्षी नाही नेलं तर नेमकं तेव्हाच मागतील.

आता खरी यादी. म्युनिकमध्ये मूल घेऊन बाहेर पडणं हे सामानाचं काम आहे. ट्राम खालच्या पातळीची, बाबागाडी सरळ आत जाते. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट नाही. हेलाब्रूनच्या प्राणिसंग्रहालयात पोरांना बसवून ओढायला गाडा भाड्याने मिळतो. बॅग नीट भरली असेल तर दिवस नीट जातो. फक्त रेवा रस्त्यात आडवी पडून रडायला लागली की लोक अदबीने दुसरीकडे बघतात. मुंबईत पायरी उंच, फुटपाथ खोदलेला, लंगोट बदलायला जागा नाही, आणि मूल रडलं की दोन मिनिटांत चार बायका "काय झालं गं बाळाला?" म्हणत वाकलेल्या. त्यामुळे इथल्या यादीत मी सामान नंतर लिहिते. आधी जागा लिहायची आणि जागेपुढे माणूस: तिथून जवळ आपलं कोण राहतं?

राणीच्या बागेपुढे काळाचौकीची आत्या. चौपाटीपुढे गिरगावची मावशी. राष्ट्रीय उद्यानापुढे बोरिवलीचे काका-काकू. कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटापुढे रकाना रिकामा, मलबार हिलवर आपलं कोण असणार! म्हणून तो कार्यक्रम दीड तासाचा, आणि जाता-येता मावशीकडे थांबा. विज्ञान केंद्राजवळही कोणी नाही, पण आत स्वच्छतागृह आहे आणि तळपत्या दुपारीही आत सावलीत हिंडता येतं. तीन वर्षांच्या मुलीला विज्ञान कळत नाही, बटणं दाबायला मिळतात तेवढं पुरतं.

घर लागतं ते बाथरूमसाठी, दुपारच्या झोपेसाठी आणि वरणभातासाठी, याच क्रमाने. फोन दोन दिवस आधी करायचा आणि आडपडदा न ठेवता सांगायचं: "आत्या, आम्ही साडेबाराला येतो, रेवा मऊ भात आणि तूप खाईल, मग दोन तास झोपेल." असं सांगितलं नाही तर आत्या सकाळपासून पुऱ्यांच्या मागे लागते आणि मूल त्या पुरीला हातही लावत नाही. सांगितलं तरी पुऱ्या होतातच, पण निदान बाजूला भात असतो. पहिल्या वर्षी मी मावशीला त्रास नको म्हणून गिरगावात हॉटेलात जेवले, आणि ते तिला शेजारणीकडून कळलं. "का गं, माझं घर काय पुरात वाहून गेलं होतं?" हे वाक्य मी पुढचे तीन आठवडे वेगवेगळ्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं. रकान्यात नाव असूनही फोन न करणं हे रकाना रिकामा असण्यापेक्षा महाग पडतं.

माणसांची ओळख निघण्याच्या महिनाभर आधी सुरू करा. रेवाच्या दृष्टीने मुंबईत पाच आज्या आहेत आणि पाचही व्हिडिओ कॉलवर सारख्याच दिसतात, म्हणजे नुसतं कपाळ. आम्ही फोटो छापून फ्रिजवर लावले आणि गावावरून नावं पाडली: परळची आजी, गिरगावची आजी, मांजरवाली आजी. नमस्काराची सक्ती करू नका, दुसऱ्या दिवशी आपोआप जमतं. आवाजांचीही ओळख लागते. म्युनिकचं आमचं घर इतकं गप्प आहे की आईच्या कुकरची पहिली शिट्टी ऐकून रेवा टेबलाखाली गेली होती. आता मी तिथेही कुकर लावते, निव्वळ सरावासाठी.

घड्याळाबद्दल माझं मत घरात कुणाला पटत नाही, तरी सांगते. हिवाळ्यात मुंबई जर्मनीच्या साडेचार तास पुढे असते. तिथे साडेसातला झोपणारी मुलगी इथे रात्री बाराला झोपते आणि सकाळी साडेदहा-अकराला उठते. आई म्हणते वळण लावायला हवं. मी म्हणते तीन आठवड्यांसाठी कशाला? दोन तास अलीकडे ओढले की पुरे. दहाला झोपणारं मूल मुंबईच्या संध्याकाळला फार सोयीचं. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, चौपाटीवर वाळू गार होते, लग्नाच्या रिसेप्शनला रेवा ताजीतवानी असते आणि सोबतची इथली पोरं खांद्यावर पेंगत असतात. सकाळची भेट मात्र कोणाला कबूल करू नका.

लोकलने न्यायचं की नाही यावर दर वर्षी घरात वाद होतो. न्या. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. अकरा ते चार या वेळेत, धीम्या गाडीने, बायकांच्या डब्यात. परळहून करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, एवढासा प्रवास. पण टिकल्या-क्लिपा विकणारी बाई, खिडकीतला वारा आणि "ये गं, इथे बस" म्हणून सरकणारी चौथी सीट यात रेवाचा अर्धा दिवस वसूल झाला. राणीच्या बागेतल्या पेंग्विनांपेक्षा ती अजून त्या क्लिपावालीबद्दल बोलते. उतरताना एक नियम: मूल कडेवर, बॅग आजीकडे, आणि दारापाशी एक स्टेशन आधी.

बाबागाडी आणायची का, हे सगळेच विचारतात. हलकी, घडी होणारी, एकच. आणि ती फक्त मॉलसाठी आणि मेट्रोसाठी. ऑक्टोबर 2025पासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, स्टेशनांवर लिफ्ट आहेत, आणि गिरगाव स्टेशनमुळे मावशीकडे जाणं सोपं झालं. बाकी सगळीकडे कडेवर किंवा पाठीला बांधायची पिशवी. कंबर आधीपासून तयार ठेवा, तेरा किलो म्हणजे गॅसच्या भरलेल्या सिलिंडराचं जवळजवळ निम्मं वजन. टॅक्सीत मुलांची सीट नसते. जर्मनीत बारा वर्षं किंवा दीड मीटर उंची होईपर्यंत ती सक्तीची, त्यामुळे रेवाला पहिल्यांदा मोकळं बसवताना माझ्या पोटात गोळा आला. कायदा इथेही आहे, मूल न बांधता नेलं तर हजार रुपये दंड, पण टॅक्सीत सीट येणार कुठून? मी उपाय काढला तो असा: लांबच्या फेऱ्या रेल्वे-मेट्रोने, टॅक्सी फक्त शेवटच्या मैलाला, मागच्या सीटवर, मूल पुढे कधीच नाही. लांबचा गाडीचा प्रवास ठरला असेल, पुणे-कोकण वगैरे, तर विमानातून सीट आणा आणि काकांच्या गाडीत बांधा. सप्टेंबर 2025मध्ये एल्फिन्स्टनचा पूल बंद झाल्यापासून परळहून पश्चिमेला टॅक्सीने जायला किती वेळ लागेल हे आई सुद्धा सांगू शकत नाही.

बॅग छोटी ठेवा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, म्हणून आपल्याला साठवायची सवय लागते. इथे रात्री दहाला वाण्याकडे डायपर मिळतात आणि फोनवर मागवले तर पाण्याची बाटली संपायच्या आत दारात येतात. तेव्हा एका दिवसाचे डायपर, कपड्यांचे दोन जोड, घरून उकळून आणलेलं पाणी, केळी, एक जुनी सुती साडी. साडी आईची. तिच्यावर झोपवता येतं, तिने ऊन अडवता येतं, आडोसा करून कपडे बदलता येतात. जर्मनीतल्या दुकानात या तीन कामांच्या तीन वस्तू विकतात. घडीची पॉटी आणि तिच्या पिशव्या घ्या, ही एकच परदेशी वस्तू मी इथे सगळ्यांना अभिमानाने दाखवते. बाहेरचं काय द्यायचं? डोळ्यांसमोर फोडलेलं शहाळं, भाजलेलं कणीस मसाल्याशिवाय, बटाटवड्याचा आतला बटाटा तिखट बघून. कापून ठेवलेली फळं, गोळा आणि बर्फ नाही. आजोबांना हे वेगळं, एकांतात सांगावं लागतं.

औषधांवर थोडं थांबा. निघायच्या चार ते सहा आठवडे आधी मुलांच्या डॉक्टरांना भेटा, टायफॉइड आणि कावीळ अ यांच्या लशींचं विचारा. तापाच्या औषधात घोळ होतो: तिथल्या पॅरासिटामॉल सिरपमध्ये 5 मिलीत 200 मिलीग्रॅम, इथल्या बाटल्यांत कुठे 125, कुठे 250. चमच्याचा हिशेब विसरा. डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे डोस मिलीग्रॅममध्ये लिहून घ्या आणि तो कागद फोनच्या कव्हरात ठेवा. ओआरएसची पुडी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचीच घ्यायची आणि पाणी पुडीवर छापलंय तेवढंच, मोठी पुडी असेल तर एक लिटर. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस म्हणून विकायला ऑक्टोबर 2025मध्ये बंदी आली, तरी दुकानदाराने हातात दिलेलं वाचून घ्या. डास घालवायचं मलम, संध्याकाळी पूर्ण बाह्या. डिसेंबर-जानेवारीत हवा धुरकट असते. ज्या दिवशी समोरची इमारत पुसट दिसते त्या दिवशी मैदान नाही, विज्ञान केंद्र.

आणि दंडावरचा व्रण. जर्मनीत 1998पासून क्षयाची बीसीजी लस सरसकट देत नाहीत. आंघोळ घालताना आईच्या लक्षात आलं की नातीच्या दंडावर व्रणच नाही, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीला कळलं होतं की परदेशात पोरीला टोचलेलं नाही. लशींचं पिवळं पुस्तक बरोबर आणा. डॉक्टरांना लागो न लागो, आजीला दाखवायला लागतं.

दिवसाला एकच बाहेर जाणं, आणि मधला एक दिवस पूर्ण रिकामा. त्या रिकाम्या दिवशी रेवा बाल्कनीत उभी राहून भंगारवाल्याला हाका मारते. मागच्या वर्षी मी तिला गेटवेला नेलं, माझं लहानपणचं समुद्राचं सगळं सांगितलं, आणि ती पूर्ण वेळ एका कुत्र्याकडे बघत होती.

या वर्षीच्या यादीतलं राहिलंय ते एवढंच: आत्याला तारीख कळवली, काकूंना कळवली, राणीची बाग गुरुवारी ठेवली. मावशीला फोन करायचाय. ती दोन ते चार झोपते, आणि झोपमोड केलेली तिला खपत नाही. आमच्याकडे म्युनिकला साडेअकरा वाजले की लावते.