गरोदरपणातला वाढलेला बीपी: वॉर्डात या चुका टाळा

विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेला की सावध व्हायचं, हे प्रत्येक नर्सला पाठ असतं. घात होतो तो मोजताना. बाई जिना चढून धापा टाकत येते आणि बसल्याबसल्या कफ (बीपी मोजायचा दंडाचा पट्टा) बांधला जातो. तिला निदान ५ मिनिटं टेकू द्या. पाठीला आधार, पाय जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीला हवा. दंड जाड असेल तर मोठा कफ शोधून आणा. लहान कफ आकडा फुगवतो. याच्या उलट, डाव्या कुशीवर झोपवून वर राहिलेल्या उजव्या हाताचा बीपी घेतला तर तो खोटा कमी येतो. मला ही चूक सगळ्यात भयंकर वाटते, कारण चार्टवर सगळं ठीक दिसतं आणि धोक्यातली बाई घरी जाते.

१६०/११० आला तर डॉक्टरांना लगेच कळवा आणि १५ मिनिटांत पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर औषध तासाभराच्या आत सुरू व्हायलाच हवं. राउंडची वाट पाहायची नाही.

उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हटल्यावर ॲसिडिटीची गोळी देऊन मोकळं होऊ नका. ते यकृतावरच्या ताणाचं लक्षण असू शकतं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं याकडेही तितक्याच गांभीर्याने बघा. पायांवर सूज नाही, लघवीत प्रोटीन नाही, म्हणून प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवर ताण येणारा आजार) नाहीच असं होत नाही.

मॅगसल्फच्या (मॅग्नेशियम सल्फेट, या आजारातले झटके रोखणारं औषध) पुढच्या डोसआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्याचा जर्क (गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडणं), मिनिटाला निदान १६ श्वास, तासाला निदान ३० मिली लघवी. लघवी मोजायचं बहुधा राहून जातं, आणि औषध बाहेर पडतं ते किडनीतूनच. लघवी कमी झाली की ते रक्तात साठतं. आधी जर्क जातो, मग श्वास मंदावतो. जर्क मिळत नसेल तर डोस थांबवा, डॉक्टरांना बोलवा. मॅगसल्फवरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांचं १० मिली, उशाशीच असू द्या; कुलूपबंद कपाटातलं वेळेवर हाती लागत नाही.

बाळंतपण झालं की पहारा सैल पडतो, पण झटके त्यानंतरही येऊ शकतात. रक्तस्राव झाला तर ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पाववणारं औषध) द्या. बीपी वाढलेल्या बाईला त्याच कामाचं मेथर्जिन नको, त्याने बीपी आणखी चढतो.