छत्री टिकवायची तर स्टँड घरीच बनवा

पावसातून आलेला माणूस ओली छत्री तशीच गुंडाळून दाराच्या कोपऱ्यात टेकवते अन् पोळ्यापर्यंत काड्या मोडल्या की म्हणते माल डुप्लिकेट होता. अरे बाप्पा, बंद छत्रीचं पाणी टोकाकडे उतरते, जिथं सगळ्या काड्या एका तारेत ओवलेल्या असतात तिथं साचते, गंज तिथूनच चढते. म्हणून आधी झटका, सपरीत उघडी ठेवून निथळू द्या, मगच स्टँडमध्ये.

स्टँडसाठी १५ लिटर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बेस्ट. वरचा पत्रा कापा, कडा हातोडीनं आत ठोकून घ्या नाहीतर लेकराचा हात चिरते. बुडाला खिळ्यानं चार-पाच भोकं, आत चार बोटं गिट्टी म्हणजे डबा कलंडत नाही, खाली दोन विटा. याच वस्तूला फ्रेंच लोक पोर्त-पाराप्लुई म्हणतात. तीन घडीची छत्री मात्र डब्यात बुडून जाते, ती खिळ्याला लटकवा. घडीची छत्री काही आजकालची नाही हां, पॅरिसच्या जाँ मारियुसनं १७१० च्या आसपासच काढली होती.

ऑनलाइन छत्रीचा स्टँड शोधला तर दोन वेगळ्याच वस्तू दिसतात, घोळ तिथं होते. फ्रेंचमध्ये नावंच वेगळी आहेत: हातातली पावसाची ती पाराप्लुई, उन्हासाठीची नाजूक ती ओंब्रेल (पावसात नेऊ नका, तिचं कापड त्यासाठी नसतेच), अन् खांबावरची मोठी ती पारासोल. आठवडी बाजारात भाजीवाल्याच्या डोक्यावर असते ना, तीच. तिच्या वजनदार बुडाला प्ये द पारासोल म्हणतात, म्हणजे छत्री ठेवायची वस्तू वेगळी अन् उभी करायची वेगळी.

हे बूडही घरी होते. पेंटची २० लिटरची बादली घ्या, दांड्याहून किंचित मोठा पाईप खालचं तोंड प्लास्टिकनं बांधून मधात उभा करा, ओळंब्यानं सरळ पाहा, मग सिमेंट-रेती-गिट्टी १:२:४ भरा अन् आठवडाभर पाणी मारा. भरलेली बादली ४५ किलोच्या वर जाते, तेव्हा जिथं ठेवायची तिथंच भरा. पण वावटळ दिसली की छत्री मिटायचीच, एवढ्या वजनालाही वारं जुमानत नाही. अन् विजा कडकडत असतील तर वावरात कोणतीच छत्री उघडू नका, झाडाखाली तर अजिबात थांबू नका, सरळ पक्क्या घरात जा.