मालिकेतल्या दहाव्या थ्रिलरवर मतं फाटली, तर चर्चा कशी घ्यावी

वाचनकट्ट्यावर एखाद्या लांबलचक रहस्यमालिकेतलं नववं-दहावं पुस्तक घेतलं, की बैठकीत हमखास दोन तट पडतात. एक ताई म्हणतात, ‘रात्री दोनपर्यंत जागून संपवलं.’ दुसरीकडून काका म्हणतात, ‘काहून घेतलं हे? दीडशे पानं झाली, तरी काही होऊनच नाही राहिलं.’ दोघंही मनापासून बोलत असतात. फक्त ताई त्या डिटेक्टिव्हला नऊ वेळा भेटलेल्या असतात आणि काका पहिल्यांदाच. म्हणून मत विचारण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘या मालिकेतलं तुमचं हे कितवं पुस्तक?’ हा प्रश्न आधी आला नाही, तर दीड तास बोलूनही भांडण नेमकं कशावर आहे ते कळत नाही.

माणसं, प्रती, वेळ

आठ ते बारा जण पुरेत. त्यात मालिका निम्मीअधिक वाचलेले किमान तीन आणि अगदी नवखे किमान तीन असावेत. सगळेच चाहते असले तर चर्चा म्हणजे नुसतं कौतुक होतं. सगळेच नवखे असले तर मालिकेचे संदर्भ सांगायला कोणी उरत नाही.

मराठी कादंबरीची तासाला पंचवीस-तीस पानं होतात असं धरा. 380 पानांचं पुस्तक म्हणजे तेरा ते पंधरा तास. नोकरी-घर सांभाळून रोज चाळीस मिनिटं दिली, तर तीन आठवडे. यापेक्षा कमी मुदत दिली की लोक शेवटची शंभर पानं घाईत उरकतात आणि मग ‘शेवट गुंडाळला’ ही तक्रार पुस्तकाच्या नावावर जमा होते. दहा जणांत चारच प्रती असतील, तर एका प्रतीवर दोन-तीन जण येतात. प्रत्येकाला दहा दिवस दिले तर महिना लागतो, तारीख तशीच ठरवा. वाचनालयातून घेतलेल्या प्रतीची परतीची तारीख आणि बैठकीची तारीख जुळवून घ्या, नाहीतर ऐन बैठकीत हातात पुस्तक नसतं.

एक मराठी अनुवाद वाचतो, दुसरा इंग्रजी मूळ, तिसरा मोबाईलवर. तिघांचे पानांचे आकडे जुळणार नाहीत. त्यामुळे पान सांगायचंच नाही, प्रकरणाचा क्रमांक सांगायचा.

नागपुरात जागा निवडताना दोन गोष्टी बघा. महाल, प्रतापनगर, सदर अशा चारही बाजूंनी माणसं येणार असतील तर बर्डी सोयीची, कारण मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीलाच मिळतात. आणि एप्रिल ते जून बैठक सकाळी आठला घ्या किंवा संध्याकाळी साडेसहानंतर. खोलीत मोठा कूलर असेल, तर बैठकीआधी अर्धा तास पूर्ण वेगाने चालवून खोली गार करा आणि चर्चा सुरू झाली की पंखा कमीवर आणा. कूलरच्या घरघरीत हळू बोलणारी माणसं पहिल्या दहा मिनिटांतच गप्प होतात, आणि नवखे वाचक बहुतेक हळू बोलणारेच असतात.

चिठ्ठी

ए-फोर कागदाचे चार तुकडे करा. प्रत्येकाने घरीच, पुस्तक संपल्या दिवशी, पाच ओळी लिहायच्या: मालिकेतलं हे कितवं पुस्तक, कोणत्या भाषेतली प्रत, पुस्तक कोणत्या प्रकरणाला खाली ठेवावंसं वाटलं, खऱ्या खुन्यावर पहिला संशय कोणत्या प्रकरणात आला आणि कशामुळे, आणि दहापैकी दोन गुण, एक सुटं पुस्तक म्हणून, दुसरा मालिकेतला भाग म्हणून.

भरलेली चिठ्ठी अशी दिसते: ‘तिसरं. मराठी. 14 ला ठेवलं, चार दिवस हात नाही लावला. संशय 22 ला, चाव्यांच्या जुडग्यामुळे. सुटं 5, मालिकेत 7.’ एवढ्या पाच ओळी पानभर अभिप्रायापेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण त्यात बोट ठेवायला जागा आहे. ‘मजा नाही आली’ या वाक्यावर पुढे काहीच बोलता येत नाही.

चिठ्ठ्या बैठकीत लिहून घेऊ नका. दुसऱ्याचा सूर ऐकून माणूस आपले गुण बदलतो. दाराशीच गोळा करा, तर्री-पोहे येण्याच्या आधी. तर्रीचा तेलकट डाग पडला की पेनने लिहिलेलं पसरतं.

गुणांची सरासरी काढायची नाही. पाच जणांनी 9, 9, 8, 3, 3 दिले, तर सरासरी 6.4 येते आणि सहा तर कोणीच दिलेला नसतो. त्याऐवजी चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे करा: ज्यांचं मालिकेतलं हे पहिलं-दुसरंच पुस्तक आहे त्यांचा एक, बाकीच्यांचा दुसरा. चढे गुण एका गठ्ठ्यात आणि पडके दुसऱ्यात आले, तर वाद मालिकेचा आहे. दोन्ही गठ्ठ्यांत चढे-पडके मिसळलेले असले, तर वाद खुद्द पुस्तकाचा आहे आणि चर्चा चांगली रंगणार. सूत्रधाराने हे पाच मिनिटांत मनाशी पक्कं करावं, मग तोंड उघडावं.

तक्रारी एकेक करून उलगडा

*‘लांबलंय, पाणी घातलंय.’* चिठ्ठ्यांमधली तिसरी ओळ काढा. बहुतेकांनी 12 ते 16 याच प्रकरणांत पुस्तक ठेवलं असेल, तर तिथे पुस्तक खरंच सैल आहे. आकडे विखुरलेले असतील, तर ज्याच्या त्याच्या सवडीचा प्रश्न आहे, पुस्तकाला दोष देऊ नका. सैल प्रकरण सापडलं की ते उघडा आणि विचारा: या प्रकरणाच्या शेवटी आपल्याला नवीन काय कळलं? एखादा संशयित गळला का? की फक्त नायकाचं घर, मुलगी, घटस्फोट, दारू एवढंच आलं?

इथे मराठी वाचकाची जडणघडण लक्षात घ्यावी लागते. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि अमर विश्वास, यांच्या कथांची मजाच ही, की हाताला लागेल ते पुस्तक उचलावं, नायक आपला जिथल्या तिथे उभा. दुसऱ्या जातीच्या मालिकेत नायकाचं वय वाढतं. स्वीडनमधली मार्टिन बेक या पोलिस डिटेक्टिव्हची मालिका 1965 ते 1975 या काळात दहा पुस्तकांत आली आणि ती दहाही मिळून एकच मोठी गोष्ट आहे. अशा मालिकेत घरातली प्रकरणं जुन्या वाचकासाठी जीव की प्राण असतात, नव्याला ती अडगळ वाटतात. झुंजारवर वाढलेला वाचक ‘रेंगाळतंय’ म्हणाला, तर त्याची अभिरुची कमी आहे असं मुळीच नाही. त्याला दुसऱ्या जातीचं पुस्तक पहिल्या जातीच्या अपेक्षेने दिलं गेलं. हे बैठकीत स्वच्छ बोलून दाखवा.

*‘खुनी आधीच कळला.’* चौथी ओळ बघा. जुन्या वाचकांना लवकर कळलं असेल, तर त्यात मालिकेचाच हात आहे. समजा पुस्तकात नऊ महत्त्वाची पात्रं आहेत आणि त्यांतली पाच कायमची: साहेब, सहकारी, बायको, शवविच्छेदन करणारा डॉक्टर, बातमीदार. यांच्यापैकी कोणी खुनी नसणार हे जुना वाचक धरूनच चालतो. त्याच्यासाठी संशयित चारच उरतात, नव्यासाठी नऊ. मालिका लांबत जाते तसं हे आकडे लेखकाच्या विरोधात जातात. म्हणूनच कधीकधी उशिराच्या पुस्तकात कायमच्या पात्रालाच खुनी केलं जातं आणि जुन्या चाहत्यांना तो विश्वासघात वाटतो. हा वाद आला तर त्याला भरपूर वेळ द्या, मालिकेवरची खरी माया तिथेच दिसते.

*‘फसवलं.’* ही वरच्या तक्रारीच्या उलटी. त्याची पारख जुनीच आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्याने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, 1929 मध्ये दहा नियम मांडले. त्यातला पहिला, गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागातच यायला हवा. आणखी एक, डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दाखवायला हवा. तेव्हा खुनी पहिल्यांदा कोणत्या प्रकरणात आला ते शोधा. साठ प्रकरणांच्या पुस्तकात तो पहिल्या वीसमध्ये दिसला पाहिजे. मग निर्णायक धागा कुठे दाखवलाय ते प्रकरण मोठ्याने वाचा. तो तिथे असेल, तर लेखक प्रामाणिक आहे, आपलं लक्ष चुकलं. नसेल, तर तक्रार खरी.

*‘शेवट गुंडाळला.’* पाटीवर किंवा फुलस्केपवर सगळे धागे लिहा: गायब झालेली गाडी, भावाची भानगड, निनावी पत्र. प्रत्येकापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: मिटला, पुढे ठेवला, विसरला. ‘पुढे ठेवला’ आणि ‘विसरला’ यातला फरक जुना वाचकच सांगू शकतो, पण त्याने फक्त ‘पुढच्या पुस्तकात येतं’ एवढंच म्हणावं, काय येतं ते नाही.

*‘असं होऊच शकत नाही.’* गटात डॉक्टर, वकील किंवा पोलिस खात्यातलं कोणी असलं की चर्चा इकडे वळते. उपयोगी आहे, पण दहा मिनिटांवर जाऊ देऊ नका. एक ठरलेली चूक अशी: प्रेत ताठरण्यावरून मृत्यूची वेळ काढलेली असते आणि आपण ती नागपूरच्या हवेवर तपासतो. साधारणपणे दोन-चार तासांत पापण्या आणि जबड्यापासून ताठरपणा सुरू होतो आणि बाराएक तासांत सगळं शरीर ताठरतं. पण पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात तो लवकर येतो आणि लवकर उतरतो, तर बर्फात पडलेल्या प्रेतात खूप सावकाश. कथा उत्तर युरोपातली असेल, तर हिशेब तिथल्या थंडीचा लावा.

*‘लेखकाचा हात थकला.’* हे म्हणण्याआधी पुस्तक लिहिलं कधी आणि छापलं कधी ते बघा. अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरो या डिटेक्टिव्हची शेवटची कादंबरी 1975 मध्ये छापून आली, पण लिहून ठेवली होती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. होम्स 1893 च्या कथेत मेला आणि 1903 मध्ये परत आला. मधल्या काळात आलेली दलदलीतल्या कुत्र्याची कादंबरी त्याच्या मृत्यूआधीची हकीकत म्हणून सांगितलेली आहे. त्यामुळे मालिका कोणत्या क्रमाने वाचावी असं कोणी विचारलं तर उत्तर एकच: प्रकाशनाच्या क्रमाने. लेखकाने वाचकाला काय माहीत आहे असं धरलंय, ते त्याच क्रमात बसतं.

*‘भाषा खटकते.’* अनुवाद असेल तर ‘तू’ आणि ‘तुम्ही’ तपासा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, मराठीत अनुवादकाला निवडावं लागतं. अनुवादक बदलला की आधीच्या पुस्तकात साहेबांना ‘तुम्ही’ म्हणणारा हवालदार पुढच्यात एकदम ‘तू’ म्हणायला लागतो आणि दोघांचं नातंच बदलल्यासारखं वाटतं. मूळ इंग्रजी वाचलेल्याकडून तोच संवाद ऐका. तिथे ठीक वाटला, तर तो दोष लेखकाच्या खात्यातून काढून टाका.

नव्वद मिनिटं

पहिली तीस मिनिटं शेवटाबद्दल एक शब्दही काढायचा नाही. ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांना त्यातही भाग घेता येतो. मग पोहे-चहा, पंधरा मिनिटं. ज्यांना रहस्य फुटू द्यायचं नाही ते तेव्हा निघू शकतात. उरलेली पंचेचाळीस मिनिटं मोकळी. आधी नवख्यांना बोलू द्या, चाहत्यांना नंतर. उलट केलं तर नवख्यांना वाटतं आपल्यालाच समजलं नाही, आणि ते गप्प बसतात.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आधीच्या पुस्तकांचं. उत्साहात कोणीतरी म्हणतं, ‘अरे, हा तर त्या चौथ्यातल्या खुन्याचा भाऊ ना!’ आणि तीन जणांचं चौथं पुस्तक कायमचं हातातून जातं. उशिराचं पुस्तक स्वतःही असे खुलासे करतं. सूत्रधाराने वाचतानाच ते टिपून ठेवावेत आणि सुरुवातीलाच सांगावं: ‘प्रकरण 6 आणि 31 मध्ये आधीच्या खुन्यांची नावं आहेत.’

शेवटी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एक नोंद करा आणि गटाच्या प्रतीत पहिल्या पानाला लावा. गुण लिहू नका. असं लिहा: ‘मालिकेतली निदान तीन वाचली असतील तर घ्या. नवीन असाल तर पहिल्यापासून सुरू करा. 12 ते 16 सैल. शेवट प्रामाणिक, दोन धागे पुढे ठेवलेत. प्रकरण 6 मध्ये चौथ्याचं रहस्य फुटतं.’ चिठ्ठ्या लिफाफ्यात घालून वर तारीख टाका आणि मालिकेतलं पुढचं पुस्तक निघेल तेव्हा ज्याची त्याला परत द्या. नवी चिठ्ठी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहायची.